घर घेण्यापूर्वी घराची परीक्षा

(बालाघाट येथे मराठी भाषक ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेले भाषण)



आपला शेतकरी बैल घ्यायला बाजारात जातो तेव्हा तो सहसा एकटा जात नाही. गावातील एखादा जाणता माणूस तो बरोबर घेतो. बैलाचे दात पाहिले जातात, खूर पाहिले जातात, त्याला चालवून, जमल्यास जुंपून पाहिले जाते. आपल्या माताभगिनी उन्हाळ्यात माठ घ्यायला जातात तेव्हा बोटाने टकटक वाजवून पाहतात आणि आवाज बद्द आला की तो माठ खाली ठेवतात. सोयरीक जुळवायची तर मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी होते. व्यवहारात आपला समाज इतका सावध आहे. परंतु ज्या खरेदीत आयुष्यभराची शिल्लक एका दिवसात खर्ची पडते, त्या घराच्या खरेदीत हा सावधपणा कोठे जातो, हा प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवण्यासाठी उभा आहे.

आपण घर पाहायला जातो आणि रंग पाहतो. खोल्या मोजतो, देवघर कोणत्या दिशेला आहे ते पाहतो, रस्ता किती रुंद आहे ते पाहतो. हे सारे पाहू नये असे मी म्हणत नाही. पण भिंतीच्या आत काय आहे, छपराखालचे लाकूड शाबूत आहे काय, जोत्यातून ओल चढते काय, हे पाहणारा माणूस आपल्याबरोबर नसतो. घर नीट पारखून त्याचे गुणदोष लेखी सांगणारा तज्ज्ञ, ज्याला आपण गृहपरीक्षक म्हणू, तो ईसार देण्यापूर्वी बोलवावा, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

एका घराची हकीकत

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील शिक्षक होते. १९९८ साली ते निवृत्त झाले आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून त्यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील एका गावी जुने कवेलूचे घर विकत घेतले. घर पाहिले ते वैशाखात. भिंती नुकत्याच पांढऱ्या केलेल्या, दारांना निळा रंग, माजघराच्या तुळईला चकाकणारा तेलरंग. वडिलांनी त्याच दिवशी ईसार दिला. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका दोनदा तपासल्याशिवाय गुण न देणारा हा माणूस घराला एका फेरीत उत्तीर्ण करून परतला.

श्रावणात पावसाची झड लागली. आईच्या अंथरुणावर पाणी गळू लागले म्हणून ती रात्री उठून ओसरीवर येऊन निजली. पहाटे माजघराची तुळई मोडली आणि कवेलू, वासे, माती असे सारे त्या रिकाम्या अंथरुणावर आले. गळके छप्पर त्या दिवशी आमच्या आईला वाचवून गेले, असेच म्हणावे लागेल. सकाळी पाहिले तो तुळई आतून वाळवीने पोखरलेली होती. वर राहिला होता तो तेलरंगाचा पापुद्रा. दुरुस्तीला जे पैसे लागले ते थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वेगळे ठेवलेले होते. तिचे लग्न दोन वर्षे लांबले.

या हकीकतीतील मला आजही बोचणारी गोष्ट निराळीच आहे. शेजारच्या घरात एक वृद्ध गवंडी राहत असत. त्या घराची डागडुजी त्यांनी पूर्वी केली होती. वडील त्यांच्यापाशी हळहळले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, इचारलं असतं त सांगतलं असतं." ज्ञान दहा पावलांवर होते, आणि आम्ही ते मागितले नव्हते.

कायदा काय म्हणतो

आपल्यापैकी काहींना वाटेल की विकणाऱ्याने दोष लपवला, तर कायदा आहेच. कायदा आहे, पण तो काय म्हणतो हे नीट समजून घ्यावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला ठाऊक नसलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. मात्र त्या कलमात एक अट आहे. तो दोष खरेदीदाराला साधारण दक्षता घेऊनही सापडण्याजोगा नसावा. म्हणजे जो दोष साध्या काळजीने दिसला असता, तो न पाहिल्याचा भार खरेदीदाराच्याच माथी येतो. तुळईला एक खिळा टोचून पाहणे ही साधारण दक्षता की नाही, यावर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद घालण्यापेक्षा खरेदीपूर्वी खिळा टोचणे सोपे, हे आपण मान्य कराल.

नव्या बांधकामासाठी स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ आहे, ज्याला सर्वजण 'रेरा' म्हणतात. त्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतील अथवा कारागिरीतील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. ही तरतूद मोलाची आहे. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील अथवा आठपर्यंत सदनिकांच्या लहान प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि आपण ज्याच्याकडून जुने घर घेतो तो शेजारी किंवा निवृत्त कर्मचारी विकासक नसतो. वारासिवनी, कटंगी, लांजी किंवा पलीकडे आमगाव, तिरोडा या भागांत होणारे घरांचे पुष्कळसे व्यवहार याच जातीचे. तेथे खरेदीदाराचे रक्षण त्याचे स्वतःचे डोळे आणि त्याने बरोबर नेलेला जाणकार हेच करतात.

दूरचे आणि जवळचे धडे

दोष दडलेले घर किती महाग पडते, याचे धडे आपल्या प्रदेशाने घेतलेले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. दिसायला भक्कम, पण दगडाला दगड बांधून ठेवणारे काही नाही. आपल्या अधिक जवळचे उदाहरण २२ मे १९९७ चे. त्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. जबलपूर आणि बालाघाट यांच्यातील अंतर किती, हे आपणांस सांगावयास नको.

केवळ जुनीच घरे धोक्याची असतात, असेही नाही. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळली व सोळा जणांचा अंत झाला. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक इमारत पडून सतरा जण गेले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांचा प्रश्न पुढे आला. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आवश्यक केली आहे. लहान गावांत आणि स्वतंत्र घरांत अशी सक्ती करणारे कोणी नाही, म्हणून ती शिस्त आपणच आपल्याला लावून घ्यावयाची आहे.

परीक्षक काय पाहतो

आता हा गृहपरीक्षक घरी येऊन नेमके करतो काय, ते क्रमाने सांगतो. त्यातील निम्म्या गोष्टी आपणही पाहू शकाल.

जाणता परीक्षक प्रथम घरात शिरतच नाही. तो बाहेर उभा राहून जमिनीचा उतार पाहतो. पावसाचे पाणी घराकडे येते की घरापासून दूर जाते? रस्ता पुन्हा पुन्हा भर घालून उंच झाला आणि जोते खाली राहिले, असे तर नाही? शेजाऱ्याच्या छपराचे पाणी कोठे पडते? वैनगंगेच्या किंवा तिच्या उपनद्यांच्या काठी घर असेल, तर पुराची खूण कोठवर होती, हे तो गावातील वृद्धांना विचारतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर बालाघाट, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील लोक विसरलेले नाहीत. रंगाने भिंतीवरची खूण पुसता येते. शेजाऱ्याची स्मृती पुसता येत नाही.

मग तो जमिनीची जात पाहतो. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलेले घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते व थोडे खाली बसते, आणि भिंती फाटतात. अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर ठेवलेल्या खांबांचा पाया रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केला आहे. घर बांधताना ही काळजी घेतली होती काय, असे विकणाऱ्यास विचारण्यात काही गैर नाही.

पुढे भिंती. सर्व भेगा सारख्या नसतात. गिलाव्यावर केसासारख्या बारीक रेघा पडतात, त्यांना फारसे महत्त्व नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेग पाया खचल्याचे सांगते. भेग जुनी व थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने पक्की बसवावी. काही आठवड्यांत काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा फुटला असेल, तर जमिनीतील ओल वर चढते आहे असे समजावे. त्या ठिकाणी नवे कपाट टेकवलेले असेल किंवा तेवढ्याच भागाला नवा रंग असेल, तर परीक्षक कपाट सरकवून पाहण्याची परवानगी मागतो.

नंतर छप्पर. कवेलूचे घर असल्यास आढे, तुळया, वासे यांना तो अणकुचीदार हत्याराने जागोजाग टोचून पाहतो. विशेषतः लाकडाची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे, कारण ओल आणि वाळवी यांचा पहिला मुक्काम तेथेच. सागवान वाळवीला दाद देत नाही अशी आपली श्रद्धा आहे. ती मुख्यतः पक्व सागाच्या गाभ्यापुरती खरी आहे. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी लागते. भिंतीवरून चढणारी मातीची बारीक नळी दिसली, की ती कोठून कोठे जाते हे शोधावे.

स्लॅबचे घर असेल तर परीक्षक लहान हातोडीने छत वाजवत जातो. माताभगिनींचा माठ येथे पुन्हा आठवावा. पोकळ, बद्द आवाज आला तर आतील काँक्रीट सुटले आहे. लोखंडी सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो आणि खालचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. म्हणून छताला तांबूस डाग, सळईच्या रेषेत भेग किंवा ताजे ठिगळ दिसले, तर तेथे थांबून चौकशी करावी. शंका आल्यास अभियंता रिबाउंड हॅमर नावाच्या उपकरणाने काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज घेतो.

विजेची जोडणी हा पुढचा भाग. अर्थिंग आहे की नुसतीच तार लोंबते आहे? गळती झाल्यास वीज तोडणारे उपकरण बसवले आहे काय, आणि त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर ते खरोखर तुटते काय? जुन्या तारांवर पाण्याची मोटर आणि शीतकपाट यांचा भार टाकला आहे काय? पाऊसपाण्याच्या दिवसांत ओल्या भिंतीत उतरणारी वीज माणसाचा जीव घेते, म्हणून येथे गय करू नये.

शेवटी पाणी आणि सांडपाणी. विहीर अथवा कूपनलिका असेल, तर उन्हाळ्यात पाणी टिकते काय हे शेजारी विचारावे आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. शौचालयाची टाकी व शोषखड्डा विहिरीच्या जवळ किंवा उताराच्या वरच्या बाजूला असता कामा नये. मोऱ्यांत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जाते ते पाहावे. गच्चीवर पाणी साचवून खाली झिरपते काय हे एक दिवस थांबून पाहता आले, तर उत्तम.

यात एक काळाचे पथ्य आहे. घर विकणारा साहजिकच उन्हाळ्यात, रंग लावून दाखवतो. घेणाऱ्याने ते पावसाळ्यात पुन्हा एकदा पाहावे. पावसाळ्यापर्यंत थांबणे शक्य नसेल, तर परीक्षकाची गरज अधिकच.

कागदपत्रांची परीक्षा वेगळी

येथे एक खुलासा केला पाहिजे. परीक्षक भिंती पाहतो; मालकी पाहणे हे वकिलाचे काम आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या सर्वांची राजधानी होती. विदर्भ तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला. सोयरसंबंध पूर्ववत राहिले. महसुली कागद मात्र वेगळे झाले. पलीकडे सातबारा आणि फेरफार, इकडे खसरा आणि नामांतरण. गोंदियाच्या पाहुण्याने बालाघाटात घर घेताना तिकडच्या ओळखीवर विसंबू नये. विशेषतः आदिवासी बांधवांच्या जमिनीच्या हस्तांतरणावर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५ ने कडक निर्बंध घातले आहेत, आणि बैहरसारख्या अनुसूचित क्षेत्रात तर विशेष दक्षता घ्यावी. मूळ दस्तऐवज पाहण्यास मागणे हा खरेदीदाराचा अधिकार आहे. तोही कलम ५५ मध्येच सांगितला आहे.

परीक्षक कोठून आणावा

हा व्यवसाय पाश्चात्त्य देशांत चांगला रुळला आहे. अमेरिकेत गृहपरीक्षकांची राष्ट्रीय संस्था १९७६ साली स्थापन झाली आणि आज तेथील अनेक राज्यांत त्यांना परवाना लागतो. खरेदीच्या करारातच परीक्षेची मुदत घालण्याचा तेथे प्रघात आहे. परीक्षेत मोठा दोष निघाला तर खरेदीदार माघार घेऊ शकतो अथवा किंमत कमी करून मागतो. इंग्लंडमध्ये हे काम सर्वेक्षक करतात व त्यांची प्रमुख संस्था १८६८ पासून चालत आली आहे. आपल्याकडे मोठ्या शहरांत सदनिकांची अशी परीक्षा करून देणाऱ्या काही संस्था गेल्या काही वर्षांत निघाल्या आहेत. परंतु गृहपरीक्षकाला परवाना देणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. तेव्हा पाटी पाहून भुलू नये. पात्रता आणि पूर्वीचे काम पाहावे.

बालाघाटसारख्या ठिकाणी स्थापत्य अभियंता मिळू शकतो. त्याच्या जोडीला जुन्या घरासाठी अनुभवी गवंडी, सुतार आणि परवानाधारक वीजतंत्री असे तिघे घ्यावेत. ज्या वृद्ध गवंड्याला माझ्या वडिलांनी विचारले नाही, त्याचे ज्ञान अभियंत्याच्या पदवीहून निराळे असते आणि दोन्हींची गरज असते. गावातील शिक्षकांनी एक काम अंगावर घ्यावे. या जाणत्या माणसांचे तोंडी म्हणणे खोलीवार कागदावर उतरवून द्यावे. कोणता दोष, कोठे, किती तातडीचा आणि दुरुस्तीस अंदाजे किती खर्च, अशा चार रकान्यांचा तक्ता पुरे आहे.

परीक्षक निवडताना तीन पथ्ये पाळावीत. तो विकणाऱ्याचा किंवा दलालाचा माणूस नसावा. त्याचे शुल्क व्यवहार होण्या न होण्यावर अवलंबून नसावे. आणि दोष सांगून दुरुस्तीचे कंत्राट स्वतःच घेणारा नसावा. कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यनिर्धारक घर पाहून गेला, म्हणजे परीक्षा झाली, असाही समज करून घेऊ नये. तो बँकेसाठी येतो. घर विकून कर्ज वसूल होईल काय, हा त्याचा प्रश्न असतो. त्या घरात आपली मुले निर्धास्त निजतील काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

परीक्षकाच्याही मर्यादा आहेत. तो भिंत फोडून पाहत नाही आणि पुढील वीस वर्षांची हमी देत नाही. त्या दिवशी जे दिसले, जे ऐकू आले, जे टोचून कळले, तेवढे तो प्रामाणिकपणे लिहून देतो. वैद्याने नाडी पाहावी तसे हे आहे.

मनातील संकोच

आता शेवटची आणि माझ्या मते खरी अडचण. ती पैशाची नाही. परीक्षकाचे शुल्क घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. अडचण आहे संकोचाची. घर विकणारा बहुधा ओळखीचा असतो, कधी नात्यातला असतो. 'तुमच्या घराची तपासणी करतो' असे म्हटले, तर त्याला वाईट वाटेल, विश्वास नाही असे वाटेल, या भिडेपोटी आपण गप्प राहतो. माझे वडीलही याच भिडेपोटी गप्प राहिले होते. विकणारे गृहस्थ त्यांना मान देत, चहा देत. मग तुळईला खिळा कसा टोचावा?

मी आपणांस विनंती करतो की ही भीड सोडावी. सोयरीक जुळवताना चौकशी केल्याने व्याही रागावत नाहीत. उलट, चौकशीच न करणाऱ्या घराविषयी लोक शंका घेतात. परीक्षेने विकणाऱ्याचेही हित होते. ज्याचे घर निर्दोष आहे त्याला पुरी किंमत मागण्यास आधार मिळतो. ज्याच्या घरात दोष आहे तो आधीच उघड झाल्याने पुढचे कज्जे आणि कायमचा दुरावा टळतो. विकणाऱ्या बांधवांनाही माझे सांगणे आहे. आपल्या घराचा दोष आपणच सांगावा. लपवलेली वाळवी लाकूड खाऊन थांबत नाही, ती शेजारधर्म आणि नातेही खाते. आमच्या घरात तसेच झाले. त्या कुटुंबाशी असलेला आमचा जुना घरोबा त्या श्रावणानंतर उरला नाही.

म्हणून व्यवहाराचा क्रम एवढा लक्षात ठेवावा. आधी घर पाहावे, मग परीक्षकाकडून परीक्षा करवून लेखी अहवाल घ्यावा, वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत, आणि त्यानंतर ईसार द्यावा. काही कारणाने ईसार आधी द्यावाच लागला, तर परीक्षेत मोठा दोष निघाल्यास ईसार परत मिळेल, असे ईसारपावतीत स्पष्ट लिहून घ्यावे. एवढी एक ओळ लिहिण्यास शाईचा एक थेंब लागतो.

बहिणीचे लग्न पुढे चांगले झाले, आणि ते घरही आम्ही सावरले. नवी तुळई बसवली त्या दिवशी वडिलांनी शेजारच्या त्या वृद्ध गवंड्याला बोलावले, त्यांच्या हाती खिळा दिला आणि म्हणाले, "आधी तुम्ही टोचून पाहा, मग मी रंग लावीन." आपण सर्वांनी हेच वाक्य घर घेण्यापूर्वी म्हणावे, एवढीच माझी इच्छा आहे.